पाताळातला उजेड

आजवर मी एकोणीस पाताळं रंगवली आहेत. बहुतेक पडद्यांवर, दोन लाकडी फळ्यांवर आणि एक सर्कशीच्या तंबूला आतल्या बाजूनं. नाटक कंपनीचा माणूस येतो, स्टुलावर बसतो आणि भाजीवाल्याकडे आल्यासारखा म्हणतो, "एक पाताळ पाहिजे, बारा बाय वीस, शुक्रवारपर्यंत." मी विचारतो, आगीचं पाहिजे की नागांचं? राजवाडा हवा की हाडं? तो डोकं खाजवतो आणि म्हणतो, "थोडं थोडं सगळंच टाका की." मग मी थोडं थोडं सगळंच टाकतो.

आमच्या धंद्यातल्या माणसांनी जमिनीखाली काय काय नेऊन ठेवलंय याला काही धरबंद नाही. जुन्या चित्रांची पुस्तकं मी पुष्कळ चाळली आहेत. एकानं खाली काळी नदी सोडली आणि पलीकडे न्यायला होडी ठेवली. दुसऱ्यानं उकळत्या कढया मांडल्या आणि ज्यांच्याशी त्याचं पटत नव्हतं त्यांचे चेहरे कढईतल्या माणसांना दिले. कुणी गळ्यापर्यंत बर्फ घातला, कुणी माणकांचे खांब उभे केले. यातला एकही जण कधी खाली गेलेला नव्हता. मीही गेलेलो नाही. पण एक लबाडी आम्ही झाडून सगळ्यांनी केली आहे. आम्ही तिथं उजेड ठेवतो. नागाच्या डोक्यावर मणी, कढईखाली जाळ, भिंतीतून कसलीशी हिरवी आभा. हा उजेड कुणी लावला, हे कुणी विचारत नाही. ज्यांनी मला पडदे शिकवले ते मास्तर म्हणायचे, "पाताळात उजेड द्यायचा. लोकांनी तिकीट काढलंय. अंधार त्यांच्या घरीपण आहे."

मास्तरांचं ऐकलं, त्यावर पोट भरलं. आणि त्याच उजेडानं माझ्या घरात काय केलं, ते मला गेल्या महिन्यात कळलं.

गेल्या महिन्यात चित्रसंग्रहालयातल्या एक बाई आमच्याकडे आल्या. जाड काचांचा चष्मा, हातात मोजायची टेप, बोलणं गोड. चित्रकारांनी जमिनीखालचं जग कसकसं कल्पिलं, याचं त्या प्रदर्शन भरवणार होत्या, आणि माझ्या पडद्यांची जुनी कच्ची चित्रं त्यांना हवी होती. सत्तावन्न वर्षांच्या पडदेवाल्याला संग्रहालयानं विचारावं, म्हणजे माझी कॉलर ताठच झाली. मी माळ्यावरची सगळी गुंडाळी खाली काढली. बाईंनी प्रत्येक कागद बघितला, "छान, छान" म्हटलं, आणि मग हात धुवायला जाताना आईच्या खोलीचं दार उघडं होतं तिथं त्या थबकल्या.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझंच," मी म्हणालो. "पण ते कामाचं नाही. घरचं आहे."

त्या चित्राबद्दल आधी सांगायला हवं.

आमचं गाव खाणीवर जगायचं. आई खाणीच्या दिवेघरात कामाला होती. खाली उतरणारा प्रत्येक माणूस दिवेघराच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. खिडकीमागच्या हुकावर बिल्ला लटकतोय म्हणजे तो माणूस अजून खाली आहे. बहुतेकांचे दिवे टोपीवरचे, बॅटरीचे. टोळीच्या मुकादमाकडे आणि वरच्या अधिकाऱ्यांकडे मात्र जाळीचा, ज्योतीचा दिवा असायचा, कारण बॅटरीला हवा कळत नाही आणि ज्योतीला कळते. ते ज्योतीचे दिवे पुसायचे, भरायचे, लावायचे आणि कुलूप घालून द्यायचे, हे आईचं काम. लहानपणी शाळा सुटली की मी तिच्यापाशी बसून त्या दिव्यांची चित्रं काढायचो. चित्रकार व्हायचं माझ्या डोक्यात तिथंच शिरलं.

माझा मोठा भाऊ, दादा, मुकादम होता. त्याच्या कमाईवर मी चित्रं शिकलो. तो मला चिडवायचा, "मी खाली काळा होतो आणि तू वर रंगीत होतोस." आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, त्याच पाळीचा वरचा अधिकारी होता. दादाला बोट धरून खाली नेलं ते मामानंच.

एकतीस वर्षांपूर्वी एका सकाळी खालच्या एका बोगद्यात आग लागली. मामाच्या बाकीच्या टोळ्या वर आल्या, दादाची आली नाही. बारा बिल्ले हुकांवर राहिले. आई त्या दिवशी कामावर होती आणि ते हुक तिच्या डोळ्यांसमोर होते. मामा पुन्हा खाली गेला, संध्याकाळी वर आला आणि त्यानं सांगितलं, की बोगद्याच्या तोंडाला भिंत घातली. हवा तोडल्याशिवाय आग मरत नव्हती, आणि ती आग मुख्य वाटेवर आली असती तर खाणीत उरलेले दोनशेजण गेले असते. पुढं चौकशी झाली. भिंत घालण्याआधी आपण दिवा आत घालून पाहिला आणि तो विझला, असं मामानं चौकशीत सांगितलं. ज्योत विझते अशा हवेत माणूस टिकत नाही, हे खाणीतलं पोरही जाणतं. कागद बंद झाले. भिंत कधीच उघडली नाही.

आईनं तीन आठवडे अन्नाला हात लावला नाही म्हटलं तरी चालेल. पाणी, दोन घास, बस. रडायचीसुद्धा नाही. सारखा एकच प्रश्न, "कसा बसला असेल रे तो? कुठं बसला असेल?" मी काय सांगणार? शेवटी मला जे येतं ते मी केलं. एका नाटकाच्या सेटची प्लायची फळी उरली होती, तिच्यावर मी दादाला काढला. एका लाकडी ओंडक्यावर तो बसलाय, पाठ कोळशाला टेकलेली, पायांपाशी दिवा. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर, हातांवर, छातीवरच्या बिल्ल्यावर. समोर थोडं चकाकणारं पाणी, आणि सवयीनं वरून लोंबणारी झाडाची मुळं. सुखी नाही काढला त्याला. पण त्रासातही नाही. कामावरून दमलेला माणूस बसतो तसा.

फळी आईसमोर ठेवली. तिनं खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं हे?"

कुणी सांगितलं म्हटलं तर ती विश्वास ठेवेल, जेवेल, एवढंच माझ्या मनात होतं. मी म्हणालो, "मामानं. शेवटी त्यानंच पाहिलं ना. त्यानं सांगितलं तसं काढलंय."

आई उठली. चूल पेटवली. त्या दिवशी ती पोटभर जेवली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. माझ्या चित्रानं आईला माणसांत आणलं, हे मी पुढं किती जणांना छाती फुगवून सांगितलं असेल, आठवलं की आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मामा आला. आईनं दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, "भिंत कुणी घातली?"

मामा म्हणाला, "मी, ताई."

तेवढंच. त्यानंतर एकतीस वर्षं बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. दोन गल्ल्यांचं अंतर. दर वर्षी त्या तारखेला मामा यायचा, आमच्या उंबऱ्याबाहेर पाच मिनिटं उभा राहायचा आणि जायचा. मी रविवारी त्याच्याकडे जायचो, आईला ते ठाऊक होतं, तिनं कधी अडवलं नाही. तो वर आला आणि तिचा मुलगा आला नाही, हे तिला सोसत नाही, असं मी समजून चाललो होतो. मामाही तसंच समजत होता. विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. हिंमत झाली नाही, हे जास्त खरं.

तर त्या बाई आईच्या खोलीत शिरल्या. आई पलंगावर बसून चष्मा पुसत होती. ब्याऐंशी वर्षांची झाली, पण काच पुसते ती अजून दिवेघरासारखीच, आधी आतून, मग बाहेरून, मग उजेडात धरून. मी चहाचा ट्रे घेऊन मागोमाग गेलो.

"आजी, हे चित्र तीन महिन्यांसाठी आम्हाला द्याल का?" बाई म्हणाल्या. "काचेमागं ठेवू. धक्का लागणार नाही."

"नाही," आई म्हणाली.

"इतकं सुंदर आहे हो. लोकांनी बघायला हवं."

"चित्र असतं तर दिलं असतं. ती साक्ष आहे."

बाईंना वाटलं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. त्या मायेनं जवळ बसल्या. "कशाची साक्ष, आजी?"

आईनं चष्मा लावला. "तो दिवा बघा. मी चोवीस वर्षं दिवेघरात काढली. हवा मरायला लागली की ज्योत आधी बुटकी होते, मग लालसर होते, धूर धरते आणि जाते. वायू असला तर तिच्यावर निळी टोपी चढते. या ज्योतीवर टोपी आहे? नाही. दोन बोटं उंच, पिवळीधमक. आणि नीट बघा, जराशी डावीकडे झुकलीय. म्हणजे बोगद्यात वारा चालू होता. जिथं वारा चालू आहे आणि दिवा असा जळतोय तिथं माणूस जिवंत असतो. माझा मुलगा जिवंत होता, बाई. आणि त्याच्या तोंडावर भिंत घातली."

मी ट्रे कुठं ठेवला मला आठवत नाही.

"पण आजी," बाई चाचरत म्हणाल्या, "हे तर यांनी कल्पनेनं काढलं असेल ना?"

"मुळं कल्पनेनं. तीनशे मीटर खाली झाडाची मुळं कुठली? ते मला त्याच दिवशी दिसलं. मुळं याची, चकचकीत पाणी याचं. छातीवरचा बिल्लाही याचाच, तो तर माझ्या हुकावर होता. पण दिवा याचा नाही. दिवा माझ्या भावानं पाहिला, याला सांगितला. चौकशीत म्हणाला विझला. घरात खरं बोलून गेला. सख्ख्या भावाला तुरुंगात घालायचं म्हणून मी गप्प बसले. पण फळी ठेवली. मी गेल्यावर याला काय करायचं ते करू दे."

बाई लवकर निघाल्या. चहा तसाच राहिला. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. एकतीस वर्षं माझी आई त्या भिंतीपलीकडे आपल्या मुलाला जिवंत बघत होती. सकाळी उठून, रात्री झोपताना. ती जेवली होती ती माझ्या चित्रानं शांत होऊन नाही. रागानं जेवली होती.

मी तसाच मामाकडे गेलो. खाणीतल्या निवृत्त माणसांच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर त्याची एक खोली आहे. भर दुपारीही त्याच्या खोलीत दिवा चालू असतो. वीज जाते तेव्हा तो जिन्यात येऊन बसतो. छातीत कोळसा भरलाय, वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेतो.

"रंगाऱ्या, आज रविवार नाही," तो म्हणाला.

"मामा, त्या दिवशी दिवा कसा विझला ते सांग."

त्यानं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. "काठीला बांधून आत सारला," तो म्हणाला. "गेला. मला वाटलं वात खराब असेल. दुसऱ्याचा दिवा घेतला. तोही गेला. मग माझा स्वतःचा घातला. ताईनं सकाळी लावून दिलेला. तिनं लावलेला दिवा कधी वातीपायी गेलेला मी बघितला नाही." त्यानं श्वास घेतला. "तोही गेला. तेव्हा म्हटलं, विटा आणा."

मग मी त्याला सगळं सांगितलं. चित्र, माझं खोटं, डावीकडे झुकलेली ज्योत. सांगताना मला मामाकडे बघवेना.

"मला वाटायचं, मी वर आलो म्हणून ती रागावलीय," तो म्हणाला. "ते मला पटलेलं होतं. त्यात तिचं काही चुकत नव्हतं." आणि मग, "म्हणजे ताईला वाटतं, मी पोराला जिवंत…" ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

"मी आजच सांगतो तिला."

"नको," मामा म्हणाला. "आता काय मिळवायचंय? माझ्यावरच्या रागावर ती उभी आहे. तो काढून घेतलास तर तिच्याकडे काय राहील? शिवाय ती तुझ्या हातचं खाते. मला सवय झालीय. तुला नाही होणार."

खरं सांगतो, मला ते ऐकून हायसं वाटलं. स्वतःची चामडी वाचली की माणसाला किती बरं वाटतं, याची त्या क्षणी मला किळस आली, पण बरं वाटलं हे खरं. मी उठलोसुद्धा. दाराशी पोचलो तेव्हा मामानं मागून विचारलं, "मी ते चित्र कधी बघितलं नाही रे. कसा दिसतो त्यात?"

"बरा दिसतो. दमलेला."

"आणि दिवा नीट जळतोय?"

"हो."

"बरं," मामा म्हणाला. त्याला खरोखरच बरं वाटलं होतं. तिथंच माझं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सांगितलं. ती खिडकीपाशी बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो, कारण उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं. "आई, मामानं मला काहीच सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो. तू जेवावंस म्हणून. त्या चित्रातला दिवा बोगद्यातला नाही. तुझ्या दिवेघरातला आहे. लहानपणी बघितलेला तोच मला येत होता."

तिचा चेहरा हलला नाही. मला शिव्या हव्या होत्या, एक थोबाडीत तरी हवी होती.

"कुठल्या हुकावरचा?" तिनं विचारलं.

"अं?"

"दिवेघरात कुठं टांगलेला होता?"

मी डोळे मिटून आठवलं. "खिडकीजवळ. शेवटचा."

"तिथं फटीतून वारा यायचा," आई म्हणाली. "ज्योत डावीकडे जायची. मी दोनदा सुताराला सांगितलं होतं, फट बुजव म्हणून." खाली रस्त्यावर एक हातगाडी आली, माल उतरवून गेलीसुद्धा. मी तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागे घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"रंग आण," ती म्हणाली.

"कशाला?"

"विझव तो."

मी फळी भिंतीवरून काढली आणि तिच्या पलंगासमोर खुर्चीवर ठेवली. मागच्या भिंतीवर तिचा फिकट चौकोन राहिला. डब्यातला तयार काळा मी घेतला नाही. तो मेलेला असतो, वर पापुद्र्यासारखा बसतो. जळका तपकिरी आणि गडद निळा मिसळून मी काळोख बनवला, पडद्यांसाठी बनवतो तसा. त्यात बारीक ब्रश बुडवला आणि ज्योतीवर ठेवला. एवढीशी तर होती. दोन फटकाऱ्यांत गेली.

मी ब्रश खाली ठेवला. आई म्हणाली, "दिवा गेला, तर त्याचं तोंड कसं दिसतंय?"

चित्रात दुसरा उजेड नव्हताच. जे काही दिसत होतं ते त्या एका दिव्यामुळं. हा धंद्यातला पहिला धडा, आणि तो मला ब्याऐंशी वर्षांची दिवेवाली शिकवत होती.

"आई, तोंड राहू दे," मी म्हणालो.

"अर्धवट काम करू नकोस."

मी दादाचं कपाळ झाकलं. मग गाल, मग हनुवटी. एकतीस वर्षांपूर्वी त्याचं नाक जमत नव्हतं म्हणून मी तीनदा पुसून काढलं होतं, ते एका हातासरशी गेलं. डोळे शेवटी ठेवले. ते झाकताना मी रडत होतो आणि रंग नाकाला लागत होता. खाणीवाल्यांनी त्याच्यासमोर भिंत घातली असेल, पण त्याला नाहीसा करायला मीच उरलो होतो. मग हात. मग पाणी. मग छातीवरचा बिल्ला. त्याच्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता, मोठ्या हौसेनं दिलेला. आईनं तो जाताना मान वळवली. तेवढंच काय ते तिनं टाळलं.

"आणि ती मुळं," ती म्हणाली. "ती तर पहिल्याच दिवशी जायला हवी होती."

दुपारपर्यंत फळी काळी झाली. मधे संग्रहालयाच्या बाईंचा फोन आला, आजींचं मन वळलं का विचारायला. मी म्हणालो, ते चित्र आता राहिलं नाही. त्या हळहळल्या.

"आता धाकट्याला बोलाव," आई म्हणाली.

मी मामाला धरून आणलं. दोन गल्ल्या चालायला आम्हाला अर्धा तास लागला. उंबऱ्यापाशी तो सवयीनं थांबला. दर वर्षी थांबायचा तिथंच, त्याच फरशीवर. आतून आई म्हणाली, "ये." तरी तो हलेना, मग मी त्याच्या पाठीला हात लावला.

आईच्या खोलीत मी त्याला स्टुलावर बसवलं. भाऊबहीण एकमेकांकडे बघत नव्हते. दोघंही समोरच्या फळीकडे बघत होते. रंग अजून ओला होता आणि खोलीभर तेलाचा वास होता.

"हेच का ते?" मामानं मला विचारलं.

"हेच."

तो पुढं वाकला. डोळे बारीक करून त्यानं फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितली. "असंच होतं," तो म्हणाला. "अगदी असंच."

एकोणीस पाताळं रंगवली, त्यातलं एकही कुणाला खरं वाटलं नव्हतं. हे विसावं.

"किती वेळा घातलास दिवा?" आईनं विचारलं.

"तीनदा, ताई."

"तिसरा कुठला?"

"माझा. तू सकाळी लावून दिलेला."

आईनं मान हलवली. ती दिवेघरातली बाई होती. आपला दिवा आपल्याला ठाऊक असतो. तिला आणखी काही पुरावा नको होता, आणि मला वाटलं संपलं. मामालाही वाटलं असावं, कारण त्याचे खांदे खाली आले.

मग ती हळू आवाजात, पण नीट ऐकू येईल अशी म्हणाली, "चौथ्यांदा का नाही घातलास रे?"

मामाचा श्वास तेवढा वाजत होता. आईनं पुन्हा विचारलं नाही. तिनं आपल्या पाठीमागची उशी काढली आणि त्याच्याकडे सरकवली, स्टुलाला टेकायला काही नव्हतं म्हणून. मी ब्रश धुवायला मागं गेलो.